वास कपात राहिला पाहिजे: तुळस, पुदिना, मरवा, पानओवा तोडण्यापासून पिण्यापर्यंत

पाऊस लागला की आपल्या बेळगाव जिल्ह्यात खानापूरपासून निपाणीपर्यंत घराघरांत तुळशीचा काढा चढतो. उघड्या पातेल्यात तो अर्धा तास रटरटतो, ओसरीपर्यंत घमघमाट येतो आणि कोणीतरी म्हणतंच, "वास कसला भारी सुटलाय बघ की!" हा वास म्हणजे पानातलं तेल. ते ओसरीवर पोचलं, याचा अर्थ पातेल्यातून गेलं. मागे राहतं ते कडसर तपकिरी पाणी. ते अगदीच वाया गेलेलं नसतं, पण ज्यासाठी तुळस खुडली त्यातला अर्धा भाग आपण भिंतींना पाजलेला असतो.

तुळस, पुदिना, मरवा, सब्जा आणि पानओवा ही एकाच कुळातली झाडं. वनस्पतिशास्त्रात या कुळाला लॅमिएसी म्हणतात. यांच्या पानांत कामाची द्रव्यं ढोबळमानाने दोन जातीची असतात. एक उडून जाणारी, म्हणजे वासाची. दुसरी न उडणारी, म्हणजे कडूतुरट चवीची. कोणती हवी आहेत ते आधी ठरवायचं आणि मग पाला कसा तोडायचा, वाळवायचा, भिजवायचा की उकळायचा ते बघायचं. खाली सगळं त्याच अंगाने सांगितलं आहे.

पानात काय असतं

तुळशीचं ताजं पान उलटं करून उजेडाकडे धरा. दहा पट मोठं दाखवणारं साधं भिंग असेल तर उत्तमच, पण शाळकरी पोराचे डोळे असतील तर नुसत्या नजरेलाही बारीक चकाकणारे ठिपके दिसतील. त्या तेलाच्या ग्रंथी. पानाच्या आत खोलवर नसतात, वरच्या कातडीवरच बसलेल्या असतात आणि त्यांच्यावर अगदी पातळ पापुद्रा असतो. बोट फिरवलं की पापुद्रा फुटतो आणि वास येतो. म्हणून हा पाला जितका कमी हाताळाल तितका बरा. बाजारातून पिशवीत दाबून आणलेली जुडी घरी येईपर्यंत बरीच रिकामी झालेली असते.

या तेलात कोणतं रसायन जास्त, त्यावर प्रत्येक झाडाचा स्वभाव ठरतो. तुळशीत युजेनॉल असतं, जे लवंगेतही असतं. म्हणून कृष्णतुळस चावली की लवंगेची आठवण होते आणि जीभ किंचित बधिर होते. पानओव्यात कार्व्हाक्रॉल आणि थायमॉल असतात. थायमॉल ओव्याच्या दाण्यातही असतं, तरी ओवा या कुळातला नाही, तो कोथिंबीर-जिऱ्याच्या गोतातला. रक्ताचं नातं नाही, पण वास एक. सब्जाच्या पानांत लिनालूल आणि बडीशेपेसारख्या वासाचं मिथाइल चॅविकॉल असतं. मरव्याचा वास मुख्यतः टर्पिनेन-4-ऑल आणि त्याच्या भावंडांचा.

पुदिन्याबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. पुदिना म्हणजे मेंथॉल, असं नाही. आपल्या भाजीबाजारात बहुधा मिळतो त्या पुदिन्यात कार्व्होन जास्त आणि मेंथॉल नावापुरतं असतं. मेंथॉल काढतात ते वेगळ्या जातीच्या पुदिन्यापासून. त्याची मोठी शेती उत्तर प्रदेशात बाराबंकीच्या बाजूला आहे. ओळखायचं कसं? दोन पानं चावा आणि नाकाने खोल श्वास घ्या. नाकात बर्फासारखा थंडावा गेला तर मेंथॉल. नुसतीच गोडसर हिरवी चव आली तर कार्व्होन. मेंथॉलने तोंड खरोखर गार होत नाही. त्वचेतल्या नसांवर थंडी ओळखणारं एक प्रथिन असतं, मेंथॉल तेच चाळवतं आणि मेंदूला थंडीची खोटी वर्दी जाते. या शोधात हात असलेल्या डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांना 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

न उडणाऱ्या द्रव्यांत मुख्य म्हणजे रोझमॅरिनिक आम्ल. 1958 साली ते रोझमेरीतून पहिल्यांदा वेगळं केलं, म्हणून हे नाव. पण ते तुळशीत, पुदिन्यात, मरव्यात सगळीकडे आहे. पाण्यात विरघळतं, थोडं उकळलं तरी टिकतं आणि सूज कमी करण्याच्या, ऑक्सिडीकरण रोखण्याच्या प्रयोगांत याच आम्लाचं नाव वारंवार येतं. तुळशीत अर्सोलिक आम्लही असतं, पण त्याला पाणी चालत नाही. कितीही उकळा, कपात फारसं येत नाही. ते हवं तर पान चावून खायचं.

झाड ओळखा, मगच खुडा

देठ बोटांत फिरवून बघा. या कुळाचं कोवळं खोड चौकोनी असतं, कडा बोटाला लागतात. पानं समोरासमोर जोडीने येतात आणि एक जोडी उभी तर पुढची आडवी अशी लागतात. फुलाला दोन ओठ असतात. पण एवढ्यावर भागत नाही. बांधावरच्या घाणेरीचंही (काही जण तिला टणटणी म्हणतात) खोड चौकोनी, पानं समोरासमोर, आणि चुरडली की उग्र वास. ती खाऊन जनावरं आजारी पडतात, मरतातही. फरक फळात कळतो. घाणेरीला काळीजांभळी रसाळ फळं धरतात. तुळशीच्या मंजिरीतली सुकलेली टोपी तळहातावर चुरडली तर आतून चार बारीक बिया पडतात. या कुळाची ती खूण.

रोपवाटिकेत कन्नड नावं माहीत असली की काम सोपं होतं. पानओव्याला 'दोड्डपत्रे', मरव्याला 'मरुग', सब्जाला 'कामकस्तुरी', तुंब्याला 'तुंबे' आणि निर्गुडीला 'लक्की' म्हणा, लगेच हातात रोप पडेल. तुंब्याची पांढरी फुलं कन्नड घरांत शंकराला वाहतात, त्यामुळे ते झाड तिथल्या आजीबाई हमखास ओळखतात. दवणा मात्र या कुळातला नाही, जरी गजऱ्यात तो मरव्याच्या शेजारीच बसत असला तरी. उलट निर्गुडी आणि चक्क खानापूरच्या जंगलातला साग, ही दोन्ही झाडं आता या कुळात धरतात. सागाचा काढा करायला जाऊ नका, एवढंच.

शंका असेल तर फांदी फुलासकट घेऊन एखाद्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागात किंवा आयुर्वेद महाविद्यालयात दाखवा. बेळगावात भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पारंपरिक वैद्यकावर काम करणारी संस्था 2006 पासून आहे. औषधी वनस्पती गावातच अभ्यासल्या जातात, हे आपल्याकडच्या अनेकांना ठाऊकही नसतं.

लावणी आणि तोडणी

लावणीत फार काही नाही. पानओवा फांदी मोडून खोचली की लागतो, पुदिना मुळाच्या तुकड्यावर पसरतो, मरव्याचे कोवळे शेंडे ओल्या रेतीत मूळ धरतात, तुळस-सब्जा बियांपासून. आपल्याकडची गंमत अशी की एकाच जिल्ह्यात दोन हवामानं आहेत. कणकुंबी-जांबोटीकडे जांभ्याची लाल माती आणि मुसळधार पाऊस, तर अथणी-चिकोडीकडे काळी जमीन आणि पावसाची वाट. पश्चिमेकडे कुंडीचं भोक मोकळं ठेवा, पावसाळ्यात मरवा आणि पानओवा वळचणीखाली घ्या, नाहीतर मुळं कुजतात. पूर्वेकडे उन्हाळ्यात पुदिन्याला दुपारची सावली लागते. तुळशीला मात्र भरपूर ऊन हवं, सावलीतल्या तुळशीला वास कमी येतो. शेणखत बेताने घाला. युरिया घालून पानं हातभर होतात, पण वास पातळ पडतो.

आणखी एक. वृंदावनातली तुळस पूजेची. तिच्यावर हळदकुंकू, निरांजनाचं तेल, उदबत्तीची राख पडते आणि आजच्या कुंकवात कोणता रंग आहे कोण जाणे. प्यायची तुळस वेगळ्या कुंडीत लावा. त्यामुळे द्वादशीला तुळस तोडायची की नाही, हा घरातला वादही मिटतो.

तोडायची वेळ म्हणजे दव सुकल्यावर आणि ऊन चढायच्या आधी, साधारण आठ ते दहा. दव असताना तोडली तर वाळताना काळी पडते. दुपारपर्यंत थांबलात तर उन्हाने काही तेल आधीच गेलेलं असतं. तेल सर्वांत जास्त असतं ते झाडाला फुलोरा नुकता लागलेला असताना. वाळवून ठेवायचं असेल तर तेव्हाच वरचा तिसरा हिस्सा धारदार कात्रीने कापा. रोजच्या कपासाठी मात्र मंजिऱ्या खुडत राहा, म्हणजे झाड पानांवर जोर देतं. तुळशीच्या लग्नापर्यंत झाड फुलून बियांवर आलेलं असतं. तेव्हा खुडलेली पानं जून आणि कडवट लागतात.

वाळवण: आपल्याकडे इथेच गाडी अडते

जून ते सप्टेंबर खानापूर भागात पाला वाळत नाही, कुबट होतो. वरून हिरवा दिसला तरी देठाजवळ बुरशी धरते आणि बुरशीचा पाला कितीही उकळला तरी पिऊ नये. म्हणून वर्षाचं वाळवण एकतर मे महिन्यात करा किंवा ऑक्टोबरचं ऊन पडल्यावर.

उन्हात नको, सावलीत वाळवा. माळ्यावर किंवा हवेशीर खोलीत सुती धोतरावर एकेरी थर पसरा, वरून दुसरं पातळ कापड टाका, पंखा मंद ठेवा. चाळीस अंशांच्या वर तापमान नको, पत्र्याखालच्या खोलीत दुपारी ते सहज ओलांडतं. चुलीवरच्या माळ्यावर मिरच्या वाळवतात तसा हा पाला वाळवू नका, धुराचा वास आधी चढतो. अगदी पावसात नड पडली तर कागदी पिशवीत पातळ थर भरून आपोआप बर्फ वितळवणाऱ्या फ्रिजमध्ये ठेवा. तिथली हवा कोरडी असते, आठवडाभरात पान कुरकुरीत होतं आणि रंगही टिकतो.

पान बोटांत धरल्यावर मोडलं पाहिजे, वाकता कामा नये. देठ काढा आणि पानं अख्खीच काचेच्या बरणीत भरा. पावडर करून ठेवलेली तुळस म्हणजे सगळ्या ग्रंथी फोडून ठेवलेली तुळस, महिन्या-दोन महिन्यांत तिचा भुसा होतो. बरणी कपाटात, उजेडापासून लांब. बरणीवर महिना लिहा. वर्षानंतर उघडून एक पान चुरडा. वास आला नाही तर ते कुंडीत खत म्हणून घाला, चहात नको. पाच-सहा किलो ताज्या पुदिन्याचा जेमतेम किलोभर वाळलेला होतो, तेव्हा बाजारात स्वस्तात मिळणाऱ्या पुड्यांकडे जरा संशयाने बघा.

पानओवा वाळवायच्या भानगडीत पडूच नका. जाड, पाण्याने भरलेलं पान, ते वाळण्याआधी सडतं. आणि झाड बारा महिने असतंच की.

पाण्यात उतरवणं

युजेनॉल किंवा मेंथॉल एकटं तापवलं तर दोनशे अंशांच्या वर उकळतं. मग पाण्यात ते टिकायला हवं, असं वाटेल. पण वाफेची सोबत मिळाली की ही तेलं शंभरच्याही खाली निघून जातात. अत्तराची भट्टी याच तत्त्वावर चालते. तुमचं उघडं पातेलं म्हणजे तीच भट्टी, फक्त वाफ धरून ठेवणारं नळकांडं नाही.

आयुर्वेदाने हे भेद फार पूर्वी ओळखले होते. स्वरस (ताजा रस), कल्क (वाटलेला गोळा), काढा, हिम आणि फांट अशा पाच पद्धती तिथे सांगितल्या आहेत. साल, मूळ, लाकूड अशा टणक द्रव्यांसाठी काढा, म्हणजे पाण्यात आटवणं. नाजूक, सुगंधी पाल्यासाठी फांट, म्हणजे उकळलेलं पाणी ओतून झाकणं. आपण सगळ्यालाच काढा म्हणतो आणि सगळंच आटवतो, तिथे घोळ होतो.

रोजच्या कपासाठी कृती अशी:

पाणी आधी एकटं उकळा. आलं, मिरी, दालचिनी घालायची असेल तर ती याच वेळी ठेचून घाला आणि पाच-सात मिनिटं उकळू द्या, त्यांना उकळी लागतेच. मग गॅस बंद करा. बुडबुडे शांत होऊ द्या. आता कपामागे दहा-बारा तुळशीची पानं हाताने फाडून टाका आणि लगेच घट्ट झाकण ठेवा. सात ते दहा मिनिटं उघडायचं नाही. उघडताना झाकण उचलून बाजूला ठेवू नका, तिरकं धरून आतले थेंब पातेल्यात झटका. त्या थेंबांतच तर सगळी मौज असते, झाकणाला नाक लावून बघा. गाळा आणि प्या.

पुदिन्याला पाच-सहा मिनिटं पुरतात, जास्त ठेवला तर गवतासारखी चव येते. वाळलेला मरवा अर्धा चमचा बास. वाळलेली तुळस असेल तर कपाला एक चमचा. वास आणि तुरट गुण दोन्ही हवे असतील तर थोडी युक्ती आहे. अर्धी पानं पाण्यासोबत झाकून पाच मिनिटं मंद उकळा, त्यातून रोझमॅरिनिक आम्ल उतरेल. उरलेली अर्धी गॅस बंद केल्यावर घाला. दोन्ही हाती लागतं.

उन्हाळ्यात हिम करून बघा. रात्री मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात थंड पाण्यात पुदिना ठेचून टाका, झाका, सकाळी गाळा. उष्णता लागलेलीच नसल्यामुळे वास अगदी ताजा राहतो. यासाठी पाणी मात्र उकळून गार केलेलं घ्या.

तूप, ताक आणि चटणी

ही तेलं पाण्यापेक्षा स्निग्धात जास्त रमतात. कारवार-शिरसीकडून बेळगावात आलेल्या सुना पानओव्याची तंबुळी करतात, ती या दृष्टीने फार हुशारीची कृती आहे. आठ-दहा पानं आणि थोडं जिरं चमचाभर तुपात मंद आचेवर मऊ होईपर्यंत परतायचं. कार्व्हाक्रॉल तुपात उतरतं. गार झाल्यावर ओल्या खोबऱ्यासोबत वाटायचं, ताकात कालवायचं, मीठ घालायचं. परत गरम करायचं नाही. भाताबरोबर खा. ताजं पान तोंडाला झोंबतं, तुपात परतलेलं झोंबत नाही. पानओव्याच्या भज्यांतही असंच होतं, पिठाच्या आवरणामुळे वास आत कोंडून राहतो. पण भजी ती भजी, औषध म्हणून ताटभर खायला ते निमित्त होऊ नये.

पुदिन्याची चटणी काळी पडते ती मिक्सरच्या गरमीने आणि वाटलेल्या पानातल्या विकरामुळे. हे विकर मोकळं झालं की रोझमॅरिनिक आम्लासारखी द्रव्यं हवेशी संयोग पावून तपकिरी होतात. म्हणजे रंग गेला तेव्हा गुणही थोडे गेले. बर्फाचं पाणी घाला, थांबत थांबत फिरवा, आंबटपणा वाटतानाच घाला आणि डाळं किंवा भाजलेले शेंगदाणे शेवटी. कच्च्या चटणीचा पुदिना धुण्यात आळस नको. तो ओल्या, सखल जागी वाढतो आणि शहराजवळ ते पाणी कुठलं असेल सांगता येत नाही. आधी मुळं कापा, मग वाहत्या पाण्यात तीनदा धुवा.

बाटलीत ताजी पानं घालून वर तेल ओतून ओट्यावर ठेवायची नवी पद्धत व्हिडिओंमध्ये दिसते. दिसायला सुंदर, पण ओल्या पानावर तेलाचा थर म्हणजे हवा बंद, आणि तिथे बोट्युलिझम या घातक अन्नविषबाधेचे जंतू विष तयार करू शकतात. वासावरून ते कळत नाही. खाण्यासाठी असं तेल करायचं तर पूर्ण वाळलेली पानंच वापरा, फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्याच्या आत संपवा.

पुदिनफूल, ओवाफूल, कापूर

जुन्या काष्ठौषधीच्या दुकानांत या तीन पुड्या अजून मिळतात. पुदिनफूल म्हणजे मेंथॉलचे खडे, ओवाफूल म्हणजे थायमॉल. तिन्ही समभाग कोरड्या काचेच्या बाटलीत घालून हलवा. पाण्याचा थेंब नाही, आच नाही, तरी खडे पाझरायला लागतात आणि बघता बघता बाटलीत तेलासारखा द्रव होतो. हीच अमृतधारा. तीन घन पदार्थ मिसळले की त्यांचा वितळणबिंदू खोलीच्या तापमानाखाली जातो, त्यामुळे हे होतं. शाळेतल्या मुलांना दाखवण्यासारखी गोष्ट आहे. डोकं दुखताना कपाळाला एक थेंब तेलात कालवून लावतात, ते ठीक. पण बाटली मुलांच्या हाताला लागू देऊ नका. कापूर पोटात गेला तर थोड्या मात्रेतही लहान मुलाला झटके येतात.

माईनमूळ वेगळं प्रकरण आहे

याच कुळातलं, पण पानासाठी नाही, मुळासाठी लावतात. त्याचं लोणचं आपल्याकडे जुन्या घरांत अजून घालतात आणि उत्तर कर्नाटकात औषध कंपन्यांसाठी करार पद्धतीने त्याची शेतीही झाली आहे. मुळात फोर्सकोलिन नावाचं द्रव्य असतं. 1970 च्या दशकात ते भारतातच सापडलं. पेशीच्या आत निरोप पोचवणारी एक साखळी ते थेट सुरू करतं, म्हणून जगभरच्या प्रयोगशाळांत ते हत्यारासारखं वापरतात. रक्तवाहिन्या सैल करण्याचा गुणही त्यात आहे. जेवणात लोणच्याची फोड खाणं निराळं आणि वजन उतरवण्यासाठी विकत मिळणाऱ्या फोर्सकोलिनच्या गोळ्या निराळ्या. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर या दुसऱ्या वाटेला डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नका.

कशावर भरवसा ठेवायचा

'तुळस जंतू मारते' हे वाक्य खरं आहे, पण कुठे ते विचारा. प्रयोगशाळेत काचेच्या बशीत जंतू वाढवतात, त्यावर तुळशीच्या किंवा पानओव्याच्या तेलाचा थेंब ठेवतात आणि भोवती जंतू नसलेलं कडं तयार होतं. कार्व्हाक्रॉल, थायमॉल, युजेनॉल जंतूच्या पेशीचं आवरण ढिलं करतात, त्याचा तो परिणाम. पण तिथे असतं निव्वळ तेल. किलोभर ताज्या तुळशीतून ते काही मिलिलिटरच निघतं. तुमच्या कपात दहा पानं आहेत, त्यातलं थोडं तेल उतरतं, पोटात विरळ होतं आणि यकृत त्यातलं बरंचसं लगेच बदलून टाकतं. म्हणून बशीतला निकाल उचलून न्यूमोनियावर लावता येत नाही. तोंडात आणि घशात मात्र हे पाणी सरळ लागतं, तिथे गुळण्यांचा आराम पटण्यासारखा आहे.

माणसांवरचे अभ्यास आहेत, पण जपून वाचावेत. तुळशीच्या मानवी अभ्यासांचा 2017 साली एकत्र आढावा घेतला गेला तेव्हा असे 24 अभ्यास हाती लागले. रक्तातली साखर, ताण, प्रतिकारशक्ती यांवर निकाल अनुकूल दिसतात, पण बरेच अभ्यास छोटे आणि थोड्या दिवसांचे. पेपरमिंट या मेंथॉलवाल्या पुदिन्याच्या तेलाचा पुरावा त्यापेक्षा बळकट आहे, तोही एका ठरावीक दुखण्यापुरता: आतड्यात वारंवार मुरडा येणारा, ताणाने बळावणारा जो विकार डॉक्टर आयबीएस म्हणतात, त्यात हे तेल आतड्याचे स्नायू सैल करतं. तेही आतड्यात पोचल्यावरच फुटणाऱ्या कॅप्सूलमधून. जठरात फुटलं तर हेच तेल अन्ननलिकेचं तोंड सैल करतं आणि छातीत जळजळ वाढवतं. पित्ताचा त्रास आहे म्हणून जेवणावर पुदिन्याचा चहा पिणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

लोहाची गोळी आणि हा चहा

हा प्रयोग घरी करून बघाच. गंजका खिळा व्हिनेगरमध्ये दोन दिवस बुडवून ठेवा. मग तुळशीचं किंवा पुदिन्याचं गडद फांट एका काचेच्या पेल्यात घ्या आणि त्यात त्या व्हिनेगरचे चार-पाच थेंब टाका. पाणी काळपट, हिरवट होतं. शेजारी साध्या चहाचं कोरं पाणी घेतलंत तर ते शाईसारखं होईल. रोझमॅरिनिक आम्ल आणि चहातली तुरट द्रव्यं लोहाला धरून बसतात, त्याचा हा रंग. (हा पेला अर्थातच ओतून द्यायचा.)

पोटातही हेच घडतं. 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्रेडच्या जेवणासोबत पेपरमिंटचा चहा दिल्यावर लोहाचं शोषण 84 टक्क्यांनी घटलं, काळ्या चहाचा आकडाही त्याच आसपास होता. आपल्याकडे कितीतरी बायकांचं हिमोग्लोबिन कमी असतं, अंगणवाडीतून लोहाच्या गोळ्या मिळतात आणि त्या गोळ्या अनेकदा चहाच्या किंवा 'औषधी' काढ्याच्या घोटाबरोबरच गिळल्या जातात. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. काढा, फांट, चहा काहीही असो, गोळी आणि जेवण यांपासून निदान दीड-दोन तास लांब.

कोणी जपायचं

रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर भाजी-चटणीतला, कपातला पाला चालतो, पण तुळशीच्या गोळ्या, अर्क, थेंब रोज घ्यायचे तर डॉक्टरांच्या कानावर घाला. शस्त्रक्रिया ठरली असेल तेव्हाही सांगा. गरोदरपणात जेवणापुरतं ठीक, आटवलेले काढे आणि तेल नको. भट्टीवर काढलेलं शुद्ध तेल पोटात घ्यायचंच नाही, कोणी कितीही सांगितलं तरी.

तान्ह्या बाळाच्या नाकाजवळ, छातीवर मेंथॉल-कापराचा लेप लावू नका. त्या वयात त्याने श्वास अडखळू शकतो. 'एवढुसं लावलं तर काय होतंय' म्हणणाऱ्या आत्याबाईंना हे शांतपणे सांगावं लागतं, पण सांगा. लहान मुलांना वाफारा देताना उकळत्या पातेल्याने भाजण्याचे अपघात होतात, त्यांच्यापुरतं खोलीत गरम पाण्याचं भांडं लांब ठेवणंच पुरे.

सब्जाचं बी कोरडं कोणालाच देऊ नये. त्याच्याभोवती बुळबुळीत थर फुगतो आणि तो घशातच फुगला तर अडकतो. चमचाभर बी पेलाभर पाण्यात पंधरा मिनिटं भिजवा, प्रत्येक दाण्याभोवती पारदर्शक कडं आलं की मगच सरबतात घाला, आणि अगदी लहान मुलांना भिजलेलंही नको. सब्जा मागितल्यावर दुकानदाराने चिया दिला तर रंग बघा: सब्जा एकसारखा काळा असतो, चियात करड्या-पांढऱ्या ठिपक्यांचे दाणे असतात. दोन्ही याच कुळातले, पण चिया फुगायला जास्त वेळ लागतो, त्याला निदान अर्धा तास द्या.